न्हाणीघरातील झटका आणि वर्गातील टिक

मराठीत आंघोळ आणि न्हाणे असे दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. आंघोळ अंगावरून होते, न्हाणे डोक्यावरून. दक्षिण कर्नाटकातील घरांतही हा भेद पाळला जात आला आहे. रोजची आंघोळ अंगापुरती. आणि आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, केसांना तेल लावून, कढत पाण्याचे तांबे एकामागून एक डोक्यावर ओतून न्हाणे. या घरगुती भेदाने बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक महत्त्वाचा धडा दिला. बाहेरचे तापमान माणसाच्या मेंदूत नेमके काय घडवू शकते, याचा तो धडा होता. टूरेट सिंड्रोम या विकाराच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात जो प्रश्न वारंवार चुकीच्या पद्धतीने विचारला गेला, तो योग्य रीतीने कसा विचारावा, हे त्यातून शिकता येते.

तो प्रश्न असा: ऋतू, उष्मा, संसर्ग, परीक्षा, गर्दी या बाहेरच्या गोष्टींनी टिक वाढतात का?

टिक म्हणजे अचानक, जलद, ताल नसलेली, पुनःपुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक ओढणे, मान झटकणे, खांदा उडवणे, घसा खाकरणे ही तिची नेहमीची रूपे होत. हालचालींच्या अनेक टिक आणि आवाजाची किमान एक टिक अठराव्या वर्षापूर्वी सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ राहिली, तर त्या अवस्थेला टूरेट सिंड्रोम म्हणतात. तोंडून अपशब्द बाहेर पडणे हे लक्षण चित्रपटांमुळे सर्वपरिचित झाले असले, तरी ते थोड्याच रुग्णांत आढळते. टिक बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक तीव्र असतात आणि किशोरवय सरता सरता अनेकांत ओसरतात.

या विकाराची दोन वैशिष्ट्ये घरच्यांना गोंधळात टाकतात. पहिले असे, की बहुतेक रुग्णांना टिकपूर्वी शरीरात एक अस्वस्थ ओढ जाणवते, शिंक येण्यापूर्वी जाणवावी तशी; आणि काही काळ ती रोखून धरता येते. म्हणून वर्गात शांत बसलेले मूल घरी परतताच तासभर मान झटकत राहते आणि घरच्यांना वाटते, हे मुद्दाम चालले आहे. ‘चाळे थांबव’ हे वाक्य अशा मुलांना औषधाच्या पहिल्या गोळीच्या कितीतरी आधी ऐकू येते. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे टिकची भरती-ओहोटी. त्या काही आठवडे वाढतात, काही आठवडे कमी होतात, जागा बदलतात. अशी भरती आली की कुटुंब साहजिकच कारण शोधते. ऊन वाढले म्हणून, थंडी पडली म्हणून, सर्दी झाली म्हणून, परीक्षा आली म्हणून. या निरीक्षणांचे वैद्यकाने काय केले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

पॅरिसमधील आरंभ

१८२५ मध्ये पॅरिसचे वैद्य झां मार्क इतार यांनी एका उमराव घराण्यातील स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. लहानपणापासून तिला अनावर हालचाली आणि ओरडण्याचे झटके येत असत. साठ वर्षांनी, १८८५ मध्ये, साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांचे शिष्य जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी नऊ रुग्णांवर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. त्या नऊंत इतार यांची ती स्त्रीही होती. शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले.

टूरेट यांनी विकाराचे मूळ आनुवंशिकतेत पाहिले. मात्र त्यांच्या विचारात परिसरही एका वेगळ्या वाटेने शिरला होता. अमेरिकेतील मेन राज्याच्या जंगलात लाकूडतोड करणारे काही कामगार अचानक आवाज झाला की उडी मारत, दिलेली आज्ञा तत्क्षणी पाळत आणि समोरच्याचे शब्द उच्चारत. जॉर्ज बिअर्ड यांनी त्यांचे वर्णन केले होते. मलायातील ‘लाता’ आणि सायबेरियातील ‘मिर्याचित’ हेही दचकण्याशी निगडित असेच प्रकार. टूरेट यांनी हे सारे आपल्या रुग्णांच्या विकाराशी एका कुळात बसवले. पुढे ते वेगळे ठरले. दचकून होणाऱ्या त्या प्रतिक्रियांना बाहेरून चेतवणी लागते. टिक चेतवणीवाचूनही येते. तरीही बाहेरच्या घटनेचा आणि आतल्या हालचालीचा संबंध काय, हा प्रश्न विकाराच्या नामकरणाच्या वेळीच उपस्थित झाला होता.

पुढच्या पिढीने त्याला दिलेले उत्तर रुग्णांना महागात पडले. १९२१ मध्ये सांदोर फेरेंत्सी यांनी टिकचा मनोविश्लेषणात्मक अर्थ लावला आणि त्यानंतरच्या काही दशकांत ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ घर, विशेषतः पालक, असा आकुंचित झाला. मुलाची मान हलते, कारण घरात काहीतरी दडपले गेले आहे, अशी ती मांडणी होती. १९६१ मध्ये हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी झाल्याचा वृत्तांत फ्रान्समधून आला. १९६८ मध्ये आर्थर आणि इलेन शापिरो या अमेरिकन दांपत्याने त्याच औषधाच्या आधारे टूरेट हा मेंदूचा विकार असल्याचे ठामपणे मांडले. पालकांवरचा आरोप हळूहळू मागे पडला. मात्र त्या सुटकेच्या भरात परिसराचा विचारही बाजूला सारला गेला. मेंदूतील डोपामिन हे रसायन आणि जनुके एवढ्यावरच चर्चा केंद्रित झाली. उन्हाळ्यात टिक वाढते असे सांगणाऱ्या आईचे म्हणणे किस्सा म्हणून कडेला राहिले.

बंगळुरूचे कढत पाणी

याच १९६८ मध्ये बंगळुरूत वेगळ्या विकाराबाबत वेगळ्या प्रकारे विचार चालू होता. अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था तेथे १९५४ मध्ये स्थापन झाली होती. १९७४ मध्ये ती शेजारच्या मनोरुग्णालयात विलीन होऊन आजची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स, अस्तित्वात आली. शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांकडे येणाऱ्या काही रुग्णांची एकच तक्रार असे: डोक्यावरून कढत पाणी घेताना शुद्ध हरपते, नजर स्थिर होते, कधी आकडी येते. एरवी ते ठणठणीत असत.

असा एक रुग्ण १९४५ मध्ये न्यूझीलंडच्या अॅलन यांनी नोंदवला होता आणि जगभर हा विकार दुर्मीळ कुतूहल मानला जात होता. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये बंगळुरूतील प्राथमिक वृत्तांत प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये ६० आणि १९७४ मध्ये १०८ रुग्णांची माहिती मांडली. पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये निम्हान्समधील २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगाच्या दृष्टीने दुर्मीळ असलेला हा ‘उष्णजल अपस्मार’ दक्षिण कर्नाटकात मुळीच दुर्मीळ नव्हता. बंगळुरू शहर आणि ग्रामीण भागात एक लाखाहून अधिक लोकांची घरोघर पाहणी झाली, तेव्हा दर लाखामागे सुमारे ६० जणांत तो आढळला.

या संशोधनाचे मोल आकड्यांपेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. डॉक्टरांनी घरच्यांचे म्हणणे खरे धरले आणि मग ते मोजायला घेतले. पाणी किती गरम? साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअस. अंगावर की डोक्यावर? डोक्यावर. कसे? तांब्याने, एकामागून एक, वेगाने. गार पाण्याने न्हाल्यावर काय होते? बहुधा काहीच नाही. म्हणजे ‘आंघोळीने आकडी येते’ या ढोबळ वाक्यातून तापमान, शरीराचा भाग आणि ओतण्याची गती असे तीन स्वतंत्र घटक वेगळे काढले गेले. उपचारही त्यातूनच निघाला. पाणी कोमट ठेवणे, डोके ओल्या कापडाने पुसणे आणि आवश्यक तेथे न्हाण्यापूर्वी क्लोबाझॅमसारखे औषध देणे, एवढ्याने अनेकांना वर्षभराच्या औषधाची गरज उरली नाही.

आनुवंशिकतेचा धागाही सुटला नाही. काही कुटुंबांत अनेकांना हा विकार होता. बंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील अनुरंजन आनंद यांच्या गटाने निम्हान्सच्या साहाय्याने २००९ मध्ये अशा कुटुंबांत चौथ्या आणि दहाव्या गुणसूत्रांवरील संबंधित भाग दाखवून दिले. तेच पाणी, तोच तांब्या, तेच न्हाणीघर; एका भावाला आकडी येते, दुसऱ्याला नाही. जन्मजात प्रवणता आणि बाहेरची चेतवणी या दोन्ही एकत्र आल्या तरच झटका येतो. यांपैकी एकीला मानायचे म्हणून दुसरीला नाकारण्याचे कारण उरले नाही.

उष्मा आणि टिक

अपस्मार आणि टिक हे भिन्न विकार आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अपस्माराचा झटका मेंदूतील चेतापेशींच्या अकस्मात, एकसमयी विद्युत्स्फोटातून येतो. टिकचा उगम मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचाली निवडणाऱ्या केंद्रांच्या आणि मेंदूच्या बाह्यस्तराच्या परस्पर-मंडलात आहे. टिक येताना शुद्ध जात नाही. त्यामुळे बंगळुरूतील अनुभव टिकला जसाच्या तसा लावता येणार नाही. उसनी घ्यायची आहे ती पद्धत.

टूरेटच्या बाबतीत अशा पद्धतीचा आरंभ १९९१ मध्ये येल विद्यापीठातून झाला. पॉल लोम्ब्रोसो आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यातील व्यक्तींच्या टिक उष्म्याने वाढत. २००१ मध्ये लॉरेन्स स्केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच प्रौढ पुरुषांना नियंत्रित खोलीत उष्म्याला सामोरे नेले आणि टिक मोजल्या. पाचांपैकी दोघांच्या टिक वाढल्या, आणि ती वाढ घाम येण्याच्या प्रमाणाशी जुळत होती. शरीराला थंड ठेवण्याच्या यंत्रणेत डोपामिनचा सहभाग असतो. हालचाली निवडणाऱ्या मंडलातही तेच रसायन निर्णायक असते. उष्णता बाहेर टाकताना एका यंत्रणेत झालेला बदल दुसरीत उमटत असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला.

पाच माणसांवरून नियम ठरत नाही. पण पाचांतील तिघांच्या टिक वाढल्या नाहीत, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. उष्म्याची संवेदनशीलता काही रुग्णांत असते आणि सर्वांत नसते. न्हाणीघरातील दोन भावांची आठवण येथे व्हावी.

मेरिलँडचा हिवाळा, बंगळुरूचा एप्रिल

ऋतूंचा प्रश्न उष्म्याहून गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात नोव्हेंबर १९९९ ते जून २००० या काळात संशोधकांनी एका प्राथमिक शाळेतील ५५३ मुलांचे दर महिन्याला निरीक्षण केले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २४ टक्के मुलांत केव्हा ना केव्हा टिक दिसली; त्यांतील बहुसंख्य सौम्य आणि तात्पुरत्या होत्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत टिकचे प्रमाण मार्च ते जूनपेक्षा ठळकपणे जास्त होते.

म्हणजे उष्म्याने टिक वाढतात, आणि हिवाळ्यातही वाढतात? विरोध वाटतो तो ‘हिवाळा’ हा शब्द एका कारणाचे नाव समजल्यामुळे. मेरिलँडच्या हिवाळ्यात थंडी असते, सूर्यप्रकाश कमी असतो, मुले घरात कोंडलेली असतात, घशाचे संसर्ग फैलावतात आणि शाळेचे वर्ष ऐन भरात असते. यांपैकी टिक कशाने वाढली, हे महिन्याच्या नावावरून कळत नाही.

संसर्गाच्या धाग्याला तर मोठा इतिहास आहे. १६८६ मध्ये टॉमस सिडनहॅम यांनी मुलांतील नाचऱ्या हालचालींचा विकार वर्णिला. त्याचे नाते पुढे घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे येणाऱ्या संधिवातज्वराशी जुळले. १९९८ मध्ये सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांच्या अभ्यासातून, अशाच संसर्गानंतर टिक आणि मंत्रचळ एकाएकी उद्भवू शकतात, अशी मांडणी केली. तिच्या व्याप्तीवर आजही वाद आहेत. प्रत्येक टिकमागे घशाचा संसर्ग शोधणे योग्य नाही, याबाबत मात्र बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे.

आता हाच पंचांगाचा प्रश्न बंगळुरूत मांडून पाहावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. सर्वांत उष्ण महिना एप्रिल. सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास. मार्चमध्ये परीक्षा आणि चढता पारा एकत्र येतात. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असते, पण शाळेला सुट्टी असते. जूनच्या सुमारास शाळा उघडते, पाऊस येतो आणि हवा थंड होते. मेरिलँडमध्ये थंडी आणि शाळा हातात हात घालून चालतात. बंगळुरूत उन्हाचा कळस आणि शाळेचा ताण एकमेकांपासून दूर सरकतात. एखाद्या मुलाच्या टिक एप्रिलच्या सुट्टीतही वाढल्या तर संशय उन्हाकडे वळतो. त्या जूनमध्ये वाढल्या तर वर्गाकडे. जे दोन घटक समशीतोष्ण देशांत वेगळे करणे अवघड, ते दख्खनच्या पठारावर पंचांगच वेगळे करून देते. म्हणूनच परदेशातील ‘हिवाळ्यात टिक वाढतात’ हे वाक्य येथील पालकांनी जसेच्या तसे स्वीकारू नये.

शिवाय शहराची स्वतःची एक अडचण आहे. एच. परमेश यांच्या रुग्णालयीन पाहणीत बंगळुरूच्या मुलांतील दम्याचे प्रमाण १९७९ मधील ९ टक्क्यांवरून १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर गेलेले दिसले. जेथे शिंका, चोंदलेले नाक आणि खाजणारे डोळे इतके सर्रास, तेथे नाक ओढण्याची टिक ‘अॅलर्जी’ म्हणून आणि डोळे मिचकावण्याची टिक ‘चष्मा लागला असेल’ म्हणून दीर्घकाळ लपून राहू शकते. उलटपक्षी, खरी अॅलर्जी असलेल्या मुलात डोळ्यांची खाज टिकला निमित्तही पुरवू शकते. ऋतू येथे टिकवर परिणाम करतो आणि तिच्या निदानावरही.

माणसांचा परिसर

परिसर म्हणजे केवळ हवामान नव्हे. १९९५ मध्ये राउल सिल्वा आणि सहकाऱ्यांनी टूरेट असलेल्या मुलांना व किशोरांना कोणत्या परिस्थितीत टिक बदलतात, हे पद्धतशीरपणे विचारले. चिंता, अस्वस्थ करणाऱ्या घटना, दूरचित्रवाणी पाहणे, समारंभातील गर्दी अशी उत्तरे आली. थकवा आणि अपुरी झोप टिकला बळ देतात, तर वाद्य किंवा खेळ यांत एकाग्र झालेल्या मुलाच्या टिक अनेकदा थांबतात, हे चिकित्सकांच्या नेहमीच्या अनुभवाचे आहे.

या ज्ञानाला उपचाराचे रूप २०१० मध्ये मिळाले. जॉन पियासेंतिनी आणि सहकाऱ्यांनी १२६ मुलांवरील चाचणीत दाखवले, की वर्तनोपचाराने टिक लक्षणीय कमी होतात. त्या उपचाराचा एक भाग म्हणजे ओढ जाणवताच टिकशी विसंगत हालचाल करण्याचा सराव. दुसरा भाग परिसराचा: टिक कोठे, केव्हा, कोणासमोर वाढते आणि त्यानंतर आजूबाजूचे लोक काय करतात, याची नोंद करून ती परिस्थिती बदलणे. रागावणे, टोकणे, चिडवणे थांबवणे हा त्यात उपचाराचाच भाग मानला जातो. १९२१ नंतर पालक आरोपी म्हणून चर्चेत आले होते. येथे ते साहाय्यक म्हणून आले.

भारतात टूरेट आढळतच नाही असा एक समज होता. वल्सम्मा ईपन आणि निम्हान्सच्या शोभा श्रीनाथ यांनी १९९२ मध्ये भारतातील दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तत्पूर्वीही अशी मुले येथे होतीच; घरी ती खोडकर ठरत आणि शाळेत उद्धट.

मोजण्याची शिस्त

एक सावधगिरी शेवटी सांगितली पाहिजे. १९९८ मध्ये ब्रॅडली पीटरसन आणि जेम्स लेकमन यांनी टिकच्या वेळांचे विश्लेषण करून दाखवले, की टिक झुंडीने येतात आणि त्या झुंडींच्याही झुंडी असतात. ही भरती-ओहोटी कोणत्याही बाह्य कारणावाचून चालू राहते. कुटुंब डॉक्टरांकडे जाते ते भरतीच्या शिखरावर. त्या आठवड्यात जे काही घडले असेल, ऊन, सर्दी, आइस्क्रीम, पाहुणे, ते दोषी ठरते. नंतर ओहोटी आपसूक येते आणि त्या वेळी केलेला उपाय गुणकारी ठरतो. त्यामुळे केवळ स्मरणावर विसंबून ऋतूचा न्याय करता येत नाही.

यावरचा मार्ग साधा आहे. एक वही, दोन-तीन महिने. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटांत दिसलेल्या टिकची संख्या, त्या दिवसाचे तापमान, झोपेचे तास, ताप वा सर्दी, शाळा की सुट्टी. मूल मोठे असेल तर नोंद त्याच्या संमतीने करावी. पाळत ठेवल्याची भावना हाच टिक वाढवणारा घटक होऊ शकतो. अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर औषध वाढवायचे की दुपारच्या उन्हातील कवायतीतून सूट मागायची, हे अंदाजाऐवजी नोंदीवरून ठरवता येईल.

कढत पाण्याने आकडी येते, हे दक्षिण कर्नाटकातील घरांना डॉक्टरांच्या आधीपासून माहीत होते. बंगळुरूच्या डॉक्टरांनी त्या सांगण्याला हसून उडवले नाही आणि ते तपासल्याशिवाय स्वीकारलेही नाही. पाणी किती अंशांचे, हे त्यांनी विचारले. मान झटकणाऱ्या मुलाच्या आईने ‘उन्हाळ्यात वाढते’ असे सांगितले, की तिलाही त्याच गांभीर्याने विचारले गेले पाहिजे: किती वाढते, कोणत्या आठवड्यात, आणि तेव्हा शाळा चालू होती का?